‘आणि पार्टी’ म्हणजे कोण?

(नांदेड येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

संयोजकांनी मला ‘लोकप्रिय संगीताचे अर्थकारण’ असा भारदस्त विषय दिला होता. त्या शीर्षकाचा भार थोडा कमी करून मी आपल्या नित्य परिचयाचे दोनच शब्द आज विवेचनासाठी घेणार आहे. ते शब्द म्हणजे ‘आणि पार्टी’. एप्रिल महिन्यात नांदेड, लातूर, परभणी किंवा हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही गावच्या वेशीवरचा फलक पाहा, मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतली जाहिरात पाहा. वर ठळक अक्षरांत एक नाव असते आणि त्या नावाच्या मागे, बहुधा बारीक टाइपात, ‘आणि पार्टी’. शाहीर साबळ्यांचा संच ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ या नावानेच महाराष्ट्राला ठाऊक होता. कव्वाल असो, भीमगीतांचा गायक असो की संगीत बारी असो, ही पद्धत सर्वत्र सारखीच आहे. या ‘पार्टी’त माणसे किती, ती कोण, त्यांना मिळते काय आणि जे मिळते ते कोण ठरवते, हे प्रश्न आपण कधी विचारत नाही. आपला पक्ष श्रमिकांचा म्हणवतो. तेव्हा आपल्याच व्यासपीठावर, आपल्याच माणसांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या या श्रमिकांची चौकशी करणे हे आपले कर्तव्य ठरते.

प्रथम हे लोक करतात काय ते पाहू. पोवाड्याची बांधणी आपण जाणता. शाहीर चौकाच्या ओळी चढत्या आवेशात म्हणत जातो; अखेरच्या ओळीशी त्याचा दम संपत आलेला असतो. नेमक्या त्या क्षणी मागचे झीलकरी त्याचा शेवटचा शब्द उचलतात आणि सूर ताणून धरतात. त्या अवधीत शाहीर श्वास घेतो, समोरच्या समुदायाचा अंदाज घेतो आणि पुढची ओळ आठवतो. म्हणजे झील हा शाहिराचा श्वास आहे आणि त्याची स्मरणशक्तीही आहे. तमाशाच्या फडात हेच काम सुरत्ये करतात. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या आधाराने ते लावणीचा सूर पकडून ठेवतात, म्हणून पुढच्याला खेळायला मोकळीक मिळते. गोंधळात संबळ वाजवणारा आणि तुणतुणे धरणारा केवळ ताल-सूर पुरवीत नाही. तो हुंकार भरतो, कथेत मध्येच प्रश्न विचारतो आणि श्रोत्यांच्या मनातली शंका त्यांच्या आधी बोलून दाखवतो. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात उघड्या माळावरच्या हजारो माणसांपर्यंत गाणे पोचवण्याचे कामही या चारसहा गळ्यांनीच केले. समुदायाने धृपद केव्हा उचलायचे हे समुदायाला शिकवणारेही हेच. गाणे चळवळीचे व्हायचे तर ते एकट्याच्या गळ्यातून समूहाच्या गळ्यात उतरावे लागते, आणि त्या उताराची पहिली पायरी झीलकऱ्यांची आहे.

आता अर्थशास्त्राकडे वळतो. तीस-बत्तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना वाटपाचा सिद्धान्त शिकवला. उत्पादनातील प्रत्येक घटकाला त्याच्या सीमान्त उत्पादकतेइतका मोबदला मिळतो, असे त्या सिद्धान्ताचे रूढ पाठ्यपुस्तकातले रूप सांगते. गायनपार्टीला हा नियम लावून पाहा. ढोलकीवाला काढून घेतला तर कार्यक्रम कोसळतो. म्हणजे संपूर्ण कार्यक्रमाचे मोल ढोलकीवाल्याचे ठरले. गायक काढून घेतला तरीही तो कोसळतो. म्हणजे तेच मोल पुन्हा गायकाचेही ठरले. सगळ्यांच्या अशा ‘उत्पादकतां’ची बेरीज केली तर ती मिळालेल्या बिदागीच्या कितीतरी पट होईल. संयुक्त उत्पादनात कोणाचा वाटा किती हे गणिताने सुटत नाही. ते सौदाशक्तीने सुटते. ज्याच्या जागी दुसरा आणता येतो त्याला कमी आणि ज्याच्या जागी दुसरा आणता येत नाही त्याला अधिक, हा तिथला खरा नियम आहे. आणि दुसरा आणता येतो की नाही, हे कसबाइतकेच नावावर अवलंबून असते. ज्याचे नाव फलकावर नाही त्याच्या जागी दुसरा आल्याचे लोकांना कळतसुद्धा नाही.

मार्क्सने सहकार्याविषयी लिहिताना वाद्यवृंदाचा दाखला दिला आहे. एकटा वादक स्वतःचा स्वतः नियंता असतो. वृंद झाला की संचालक लागतो. त्याचे पुढचे म्हणणे अधिक महत्त्वाचे आहे. अनेक माणसे एकत्र काम करू लागली की त्यांच्या वेगवेगळ्या शक्तींच्या बेरजेपेक्षा मोठी अशी एक सामूहिक शक्ती निर्माण होते. भांडवलदार प्रत्येकाला त्याच्या एकट्याच्या श्रमाचे दाम देतो. ही जादा शक्ती मात्र त्याला फुकट मिळते. गायिकेचे उदाहरणही मार्क्सने अन्यत्र घेतले आहे. ती स्वतःच्या आनंदासाठी गाते तेव्हा एक गोष्ट असते. तिच्या गाण्यावर पैसा मिळवू पाहणारा व्यवस्थापक तिला नेमतो तेव्हा तेच गाणे भांडवल वाढवणारे श्रम होते. गाणे तेच राहते, नाते बदलते.

हे नाते आपल्या भागात कोणते रूप घेते, हे समजायला फार दूर जाण्याची गरज नाही. कंधार, मुखेड, लोहा या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कारखान्याकडून रक्कम मुकादमाला मिळते. मुकादम पावसाळ्यातच ‘उचल’ देऊन कोयते बांधून घेतो. मग हंगामभर मजूर त्या उचलीची फेड करीत राहतो, आणि हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. तमाशाच्या फडाचा हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा. तिथेही हाच शब्द आहे, ‘उचल’. फडमालक सावकाराकडून कर्ज काढतो, त्यातून कलावंतांना आगाऊ रक्कम देतो आणि पुढचे सात-आठ महिने ती कलावंताच्या अंगावर असते. गायनपार्टीत प्रमाण लहान असते, पण तत्त्व तेच. सुपारी मुख्य गायक घेतो, गाडीभाडे तो ठरवतो, रात्री उशिरा संयोजकांकडून पाकीटही तोच घेतो, आणि साथीदारांच्या हातावर काय ठेवायचे तेही तोच ठरवतो. आपल्या भागातला मुख्य गायक हा एकाच वेळी कलावंत असतो आणि मुकादमही असतो. आजच्या भाषणातले माझे मुख्य प्रतिपादन हेच आहे. कलावंत म्हणून तो साथीदारांच्या बाजूचा आहे, मुकादम म्हणून त्यांच्या समोरचा.

म्हणून मुख्य गायकाला खलपुरुष ठरवणे हा माझा हेतू नाही, आणि ते खरेही होणार नाही. मुकादमाच्या वर कारखाना असतो, तसा गायकाच्या वर ठेकेदार असतो, ध्वनिमुद्रण कंपनी असते, कार्यक्रमाला पैसा पुरवणारा पुढारी असतो. ज्यांची नावे ठळक अक्षरांत छापली गेली त्यांची तरी अखेर काय झाली? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे नाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक होते, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला होता. २००२ साली त्या गेल्या तेव्हा अखेरची वर्षे विपन्नावस्थेतच गेली होती. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले तेही दारिद्र्यातच. पुढचा माणूस आणि मागचा माणूस दोघेही नागवले जातात. फरक इतकाच की पुढच्याची निदान हळहळ वाटते.

ही दरी रुंदावली कशी, हेही समजून घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या एलिझाबेथ बिलिंग्टन या गायिकेने एका हंगामात दहा हजार पौंड मिळवल्याचे सांगत. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलने हा दाखला घेऊन असे अनुमान काढले की मानवी आवाज जितक्या माणसांपर्यंत पोचतो त्याला मर्यादा आहे, तोवर गायकांच्या प्राप्तीलाही मर्यादा राहील. ती मर्यादा ध्वनिमुद्रणाने तोडली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव उच्चारीत, कारण परदेशातल्या कारखान्यात चिठ्ठी छापताना ते कळावे लागे. सारंगिये आणि तबलजी यांची नावे उच्चारण्याची पद्धत मात्र पडली नाही. पुढे रेडिओ आला, १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली, आता भ्रमणध्वनी आला. १९८१ साली शेर्विन रोझेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की असे तंत्र आले म्हणजे गुणांतल्या लहानशा फरकाला प्राप्तीतल्या प्रचंड फरकाचे रूप येते. एक गळा लाखो घरांत जातो. त्याच्याबरोबर ढोलकीही त्याच लाखो घरांत जाते; पण ढोलकीवाल्याला ध्वनिमुद्रणाच्या दिवशी उक्ती रक्कम मिळालेली असते, आणि त्याचा संबंध तिथेच संपलेला असतो.

दुसऱ्या बाजूने खर्चाची कात्री चालते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोघांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. कारखान्यात यंत्राने एका माणसाचे उत्पादन दसपट होते. पण चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघेच वाजवीत, आजही चौघेच लागतात. बाहेरचे मजुरीचे दर वाढतात तसा कलेचा खर्च वाढतो आणि ती ‘महाग’ होते. आपल्याकडे याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. आठ जणांची पार्टी आधी सहांची झाली; झील धरणारे दोघे गेले. मग बेंजोवाला गेला, त्याच्या जागी कळफलक आला. आता पेनड्राइव्हवर ‘ट्रॅक’ आणून गायक एकटाच मोटारसायकलवरून येतो. जयंतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत हलगी आणि सनई यांची जागा डीजेच्या भिंतींनी घेतली आहे. फलकावर ‘आणि पार्टी’ अजून छापले जाते. पार्टी मात्र उरलेली नाही. नाव नसलेली माणसे निघून गेली की त्यांच्या जाण्याचीही नोंद होत नाही.

नावाचा प्रश्न क्षुल्लक मानू नका. गायकांनाही हे नाव फुकट मिळालेले नाही. चित्रपटसृष्टीत एके काळी पार्श्वगायक हेच ‘आणि पार्टी’ होते. १९४९ च्या ‘महल’ या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेवर लता मंगेशकर यांच्या नावाऐवजी ‘कामिनी’ हे चित्रपटातल्या पात्राचे नाव छापले होते. आकाशवाणीवर श्रोत्यांनी विचारणा केली तेव्हा गायिकेचे नाव पुढे आले. लताबाईंनी पुढे नावासाठी आग्रह धरला, पारितोषिकांत पार्श्वगायनाला स्थान नाही म्हणून सोहळ्यात गाण्यास नकार दिला, आणि १९५९ सालापासून फिल्मफेअरला ते पारितोषिक सुरू करावे लागले. नाव मिळाले, मग मानधन वाढले, मग स्वामित्वधनाची भाषा सुरू झाली. क्रम लक्षात घ्या: आधी नाव, नंतर दाम.

त्याच चित्रपटसृष्टीत गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि वाद्यवृंद-संयोजकांनी शेकडो गाण्यांना देह दिला. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली काही नावे. संगीतकार प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे व्हायोलिनचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांनी गुरूचे नाव एका गाण्यात गुंफले आणि ते घराघरांत पोचले. पण लोकांना ते एका पडद्यावरच्या पात्राचे नाव वाटले. असा माणूस खरोखर मुंबईत राहून गेला आणि त्याने पिढ्या घडवल्या, हे बहुतेकांना तो २०१२ साली वारला तेव्हाही ठाऊक नव्हते. अमेरिकेतही निराळे नाही. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या गाजलेल्या गाण्यांमागे ‘फंक ब्रदर्स’ नावाचा एकच वादकसंच होता. त्या कंपनीच्या ध्वनिमुद्रिकेवर या वादकांची नावे पहिल्यांदा छापली गेली ती १९७१ साली, मार्विन गे यांच्या एका संग्रहावर. तोवर दशकभर जग त्यांच्या तालावर नाचत होते.

कायदा काय म्हणतो? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रयोग करणाऱ्या कलावंताला मुळात स्थानच नव्हते. १९९४ च्या दुरुस्तीने ते मिळाले. प्रयोगकर्त्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतवाला, जादूगार, गारुडीसुद्धा आहेत. म्हणजे ढोलकीवाला निःसंशय आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले: व्यापारी वापर झाला तर कलावंताला स्वामित्वधनाचा अधिकार आणि आपला प्रयोग आपल्या नावाने ओळखला जाण्याचा अधिकार. पण त्याच दुरुस्तीत चित्रपटापुरती एक मेख मारलेली आहे. ज्याचा सहभाग प्रासंगिक स्वरूपाचा आहे आणि धंद्याच्या नित्य प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो या अधिकारांपुरता प्रयोगकर्ता मानला जाणार नाही; आपल्या प्रयोगाची विटंबना होऊ नये एवढाच हक्क त्याला उरतो. मित्रहो, या तर्काकडे नीट पाहा. धंद्याने नाव छापले नाही हा मूळचा अन्याय, आणि कायद्याने तोच अन्याय हक्क नाकारण्याचे एक लक्षण म्हणून स्वीकारला! गायकांनी २०१३ साली स्वामित्वधन वसूल करण्यासाठी आपली संस्था उभी केली, आणि अलीकडे तिच्या नावात वादकही आले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु लोह्याच्या किंवा औशाच्या हलगीवाल्यापर्यंत हे पाणी पोचायला अजून पुष्कळ पाट खणावे लागतील.

त्याला अधिक जवळची आहे ती राज्य शासनाची वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना. १९५० च्या दशकापासून ती चालू आहे. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आणि मानधन महिना ५,००० रुपये झाले. अर्जदाराने वयाचा, उत्पन्नाचा आणि दीर्घकाळच्या कलासेवेचा पुरावा जोडायचा असतो. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध झीलकऱ्याचा अर्ज भरून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. गृहस्थांनी जवळजवळ चाळीस वर्षे तीन-चार गायकांच्या मागे झील धरली होती आणि तुणतुणे वाजवले होते. पुरावा म्हणून त्यांनी एक पत्र्याची पेटी आणली. तीत कार्यक्रमांची पत्रके होती, वर्तमानपत्रांची कात्रणे होती, दोन-तीन छायाचित्रे होती. मी एकेक कागद वाचत गेलो. सगळीकडे गायकाचे नाव होते आणि पुढे ‘आणि पार्टी’. छायाचित्रात गायकाच्या खांद्यामागे त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. ‘सर, हा मीच की,’ असे ते सांगत होते, आणि ते खरेच होते. पण अर्ध्या चेहऱ्याचा दाखला कोणती समिती मान्य करणार? चाळीस वर्षांच्या श्रमांचा एकही कागद त्यांच्यापाशी नव्हता. त्या पत्रकांपैकी निदान पाच-सहा आपल्या विचारांच्या संघटनांनी छापलेली होती, ही गोष्ट मी आपणापासून लपवून ठेवू इच्छीत नाही.

इथे जातीचा प्रश्न टाळता येणार नाही. पुढे कोण उभा राहणार आणि मागे कोण, हे पुष्कळदा गळ्याच्या आधी जन्माने ठरलेले असते. हलगी, ढोलकी, संबळ यांना कातडे असते. कातड्याला हात लावण्याचे काम आपल्या समाजाने ठरावीक जातींवर लादले, आणि मग त्या वाद्यांना हलके ठरवले. शास्त्रीय संगीताच्या मैफलीतही तबलजी आणि सारंगिया यांचे स्थान बराच काळ गायकाच्या सेवकाचे होते. अल्ला रखा आणि झाकीर हुसेन यांच्यासारख्यांनी तबल्याला व्यासपीठाच्या मध्यभागी आणून बसवले, हे विसाव्या शतकातले एक सामाजिक परिवर्तनच म्हटले पाहिजे. हलगीला तसे मध्यभागी बसवणारे कोणी अजून यायचे आहे. मराठवाड्यात नामांतराच्या आंदोलनाची धग १९७८ पासून १९९४ पर्यंत ज्यांनी सोसली, त्या वस्त्यांमध्ये जागृती टिकवण्याचे काम गायनपार्ट्यांनी केले. वामनदादा कर्डकांचे नाव आज आपण आदराने घेतो, आणि घेतलेच पाहिजे. पण ज्या वस्तीत ती गाणी रुजली तिथे धृपद उचलणारे, पेटी धरणारे, डफ वाजवणारे हात-गळे स्थानिक शेतमजुरांचे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा कामावर जात होते.

याला पर्याय नव्हता असेही नाही. आपल्या परंपरेत निराळी उदाहरणे आहेत. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमध्ये कीर्तन ऐकणाऱ्या प्रत्येकाला गुरू नानकांबरोबर भाई मर्दाना हे नाव ठाऊक असते. मर्दाना हा मुसलमान रबाबवादक. नानकांच्या प्रवासातला साथीदार. चित्रांमध्ये नानकांच्या शेजारी तो रबाबासह बसलेला दिसतो, आणि ग्रंथसाहिबातही त्याचे नाव आलेले आहे. दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचे पत्रक काढून वाचा. त्यात कीर्तनकारांची नावे असतातच. त्याखाली गायनाचार्य कोण, मृदंगाचार्य कोण, विणेकरी कोण, चोपदार कोण, हेही नावानिशी छापलेले असते. काही पत्रकांत तर टाळकऱ्यांची आणि पंगत घालणाऱ्यांचीही नावे येतात. ज्यांना आपण परंपरावादी म्हणतो त्यांच्या पत्रकात मृदंगवाद्याला ‘आचार्य’ म्हणतात. आपण पुरोगामी, आणि आपल्या पत्रकात तो ‘आणि पार्टी’!

आपल्याच चळवळीतही निराळी प्रथा होऊन गेली आहे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी जे पथक उभे केले त्याचे नाव ‘लाल बावटा कलापथक’. ते ‘अमर शेख आणि पार्टी’ नव्हते, यात एक विचार होता. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांनी गाजवले, तरी ते सेवा दलाचेच कलापथक राहिले. नाव सामूहिक होते, म्हणून एक माणूस गेला तरी पथक उरत असे. नंतर आपण कलापथके मोडीत निघू दिली आणि कार्यक्रम ‘ठरवू’ लागलो; कलावंत सुपारी घेऊ लागला, आपण ग्राहक झालो. ग्राहकाला साथीदारांची नावे कशाला हवीत?

काही आक्षेप येतील, त्यांचा विचार करतो. पहिला असा की जोखीम मुख्य गायक घेतो. कार्यक्रम रद्द झाला तर झळ त्याला लागते, गळा बसला तर उपासमार त्याची, मग त्याला अधिक मिळणे न्याय्य नव्हे काय? आहे, काही अंशी आहे. सर्वांना समान वाटा असा आग्रह मी धरीत नाही. जुन्या लहान फडांत जमेची वाटणी हिश्श्यांनी होत असे आणि त्यातही नाइकाचा हिस्सा मोठाच असे. पण हिस्सा ठरलेला होता, तो सर्वांना माहीत होता, आणि कमाई वाढली तर सर्वांची वाढत असे. उक्त्या रकमेत हे होत नाही. तिथे कमी मिळकतीची झळ साथीदारापर्यंत पोचते, अधिक मिळकतीचा लाभ पोचत नाही. जोखमीचा युक्तिवाद करणाऱ्यांनी हे आधी समजावून द्यावे.

दुसरा आक्षेप असा की साथीदार बदलते असतात, नावे छापून करायचे काय? बदलते असतात हे खरे. पण ते बदलते का असतात? ज्याला नाव नाही आणि ठरलेला वाटा नाही तो शंभर रुपये अधिक देणाऱ्याकडे जाणारच. अस्थैर्य हे अनामिकतेचे कारण आहे असे सांगितले जाते. मला ते तिचे फळ दिसते.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच आहे: शेतीमालाचे भाव, बेरोजगारी, पाणी हे प्रश्न उभे असताना ढोलकीवाल्याचे काय घेऊन बसलात? मित्रहो, ऊसतोड कामगाराची नोंदणी व्हावी, त्याच्या उचलीचा हिशेब कागदावर यावा, मुकादमाच्या वहीतून त्याची सुटका व्हावी, या मागण्या आपण कारखान्यांपुढे वर्षानुवर्षे ठेवीत आलो आहोत. कारखाना आपल्या हातात नाही. कार्यक्रमाचे पत्रक मात्र आपल्या हातात आहे, पाकीटही आपल्याच हातात आहे. जिथे सत्ता आपली आहे तिथे आपण काय करतो, यावरून लोक आपली परीक्षा करतात.

म्हणून या शिबिराने तीन गोष्टी मान्य कराव्यात, असे मी सुचवितो.

एक, यापुढे आपल्या कोणत्याही कार्यक्रमाच्या पत्रकावर आणि फलकावर ‘आणि पार्टी’ हे शब्द येऊ नयेत. प्रत्येक साथीदाराचे पूर्ण नाव, त्याचे वाद्य आणि गाव छापावे. व्यासपीठावरून सूत्रसंचालकाने ती नावे सुरुवातीलाच वाचावीत. कार्यक्रमानंतर प्रत्येकाला, केवळ गायकाला नव्हे, तारखेचे आणि सहीशिक्क्याचे प्रशस्तिपत्र द्यावे. उद्याच्या मानधनाच्या अर्जाला हाच कागद लागणार आहे.

दोन, बिदागी ठरवताना साथीदारांचे मानधन वेगळे ठरवावे आणि प्रत्येकाच्या हाती स्वतंत्रपणे द्यावे. कार्यक्रमाचे मुद्रण झाले आणि ते कोणी विकले किंवा प्रसारित केले, तर प्राप्तीचे वाटप कसे व्हावे याचा चार ओळींचा करार आधी व्हावा. चार ओळी पुरतात; पण त्या लिहिलेल्या असाव्यात.

तीन, प्रत्येक तालुका समितीने आपल्या तालुक्यातील साठी ओलांडलेल्या झीलकरी, सुरत्ये, हलगी, सनई, संबळ, ढोलकीवादकांची यादी करावी. त्यांच्याबरोबर गायलेले गायक जोवर हयात आहेत तोवर त्यांची लेखी साक्ष घेऊन ठेवावी. मानधन योजनेचे अर्ज भरून देण्याचे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. मला खात्री आहे की पुष्कळ गायक आनंदाने सह्या देतील. आपल्या मागच्या गळ्यांविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता असते. तिला कागदावर आणण्याची रीत तेवढी आजवर पडलेली नाही.

हे तीन ठराव क्रांतिकारक नाहीत. त्यांनी ना कंपन्यांचे स्वामित्व संपेल, ना डीजेच्या भिंती पडतील. परंतु श्रमाला नाव मिळाले म्हणजे श्रमिक हिशेब मागू लागतो, हा कामगार चळवळीचा आरंभापासूनचा अनुभव आहे. हजेरीपटावर नाव लागावे यासाठी गिरण्यांतल्या बदली कामगारांनी लढे दिले, ते उगाच नव्हे.

एक ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती आहे. आपल्यापैकी प्रत्येक तालुक्यात कार्यक्रम होईल आणि पत्रके छापखान्यात जातील. मजकूर देण्याआधी गायकाला दूरध्वनी करा आणि विचारा, तुमच्याबरोबर कोण कोण येणार? सहा नावे मिळतील. छापखानेवाला म्हणेल, जागा पुरत नाही. तेव्हा प्रमुख पाहुण्यांची आणि स्वागतोत्सुकांची यादी थोडी आखूड करा. जागा होईल.